पुढच्या वर्षाची काडी

जानेवारीतली सकाळ होती. गवतावर गोठलेलं दंव अजून वितळलं नव्हतं. बागेचे मालक बाऊजी शिडीवर चढून पीचची छाटणी करत होते आणि मी खाली पडलेल्या फांद्या ओढून ढीग लावत होतो. एक काडी कापल्यावर त्यांनी ती खाली टाकली नाही. शिडी उतरून आले आणि माझ्या हातात दिली. जवळजवळ माझ्या उंचीची, बुडाशी अंगठ्याएवढी जाड, लालसर, तकतकीत काडी.

"डॉक्टर साब, इसमें फल कहाँ लगेगा?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होते. हिमाचलात बागायतीचा सल्ला देणाऱ्या माणसाला सरसकट 'डॉक्टर साब' म्हणतात, मग त्याच्याकडे डॉक्टरेट असो वा नसो. माझ्याकडे नव्हती. त्या काडीकडे पाहताना मला ते संबोधन जड झालं.

पीचच्या चांगल्या काडीवर एकेका पेऱ्याला तीन डोळे दिसतात. दोन बाजूंना दोन फुगीर, लवदार फुलडोळे आणि त्यांच्या मधोमध एक निमुळता पानडोळा. हिवाळ्यात नुसतं बोट फिरवलं तरी फरक कळतो. माझ्या हातातल्या काडीवर बुडापासून जवळजवळ अर्ध्यापर्यंत एकेकटे, चपटे पानडोळेच होते. वर शेंड्याकडे थोडी फुलं होती, पण तिथे धरलेलं फळ वाऱ्यावर आपटणार आणि वजनाने काडी मोडणार, म्हणून तो भाग कापावाच लागतो. मी झाडाच्या पोटात पाहिलं. खालच्या बारीक डहाळ्या सावलीत वाळून गेल्या होत्या. म्हणजे वर लाकूडच लाकूड आणि खाली सगळं मेलेलं.

असं लाकूड वाढवणारं खत मीच सांगितलं होतं.

बाऊजींची बाग राजगढला. हे राजगढ आपला किल्ला नव्हे. हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यातलं, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवरचं हे गाव. सोलनहून बस निघते, यशवंतनगरला गिरी नदी ओलांडते आणि मग चीड पाइनच्या जंगलातून वर चढत राहते. स्वच्छ दिवशी चूडधारचं शिखर दिसतं. वैशाखीला शिरगुल देवतेची जत्रा भरते आणि त्याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, सगळे उतार गुलाबी होतात. या भागाला लोक 'पीच व्हॅली' म्हणतात. इथे मुख्य जात जुलै एल्बर्टा. पिवळ्या गराचं, गालावर लाली चढणारं, मोठं फळ. जूनअखेरीपासून पेट्या निघतात आणि सोलनच्या मंडीतून दिल्लीकडे जातात.

मी तासगावचा. घरी द्राक्षबाग. राहुरीला कृषी पदवी घेतली, मग सोलनजवळच्या नौणीला डॉ. यशवंतसिंह परमार विद्यापीठात फळबागशास्त्र शिकायला आलो आणि इकडेच रमलो. शिक्षण संपल्यावर एका प्रकल्पात नोकरी लागली. राजगढच्या आसपासच्या बागवानांना खत-पाण्याचा सल्ला द्यायचा, असं कामाचं स्वरूप. आमच्या आजीला पीच हा शब्द ठाऊक नव्हता, ती सप्ताळू म्हणायची. तिने ते फळ कधी खाल्लं असेल असं वाटत नाही. मी पहिल्या पगारानंतर घरी जाताना एक पेटी नेली, तेव्हा आजी दोन वर्षांपूर्वीच गेली होती.

बाऊजींच्या बागेत साठ झाडं. पहिल्या वर्षी मी गेलो तेव्हा झाडं खरोखर थकलेली होती. आदल्या हंगामात भरपूर माल लागला होता, विरळणी झाली नव्हती, फळं लहान राहिली होती. एप्रिलमधली पानं फिकट पिवळी, नव्या फुटी वीतभर. नत्राची कमतरता, यात शंका नव्हती. इथल्या शिफारशीप्रमाणे पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला सुमारे अर्धा किलो नत्र द्यायचं. बाऊजी बरीच वर्षं ते देत आले होते. 'कैन' म्हणजे कॅल्शियम अमोनियम नायट्रेट, झाडामागे दोन किलो, निम्मं फुलांच्या आधी आणि निम्मं महिन्याभराने. मी म्हटलं, एवढ्याने भागणार नाही. वर एक किलो युरिया, तोही दोन हप्त्यांत, मे आणि जूनमध्ये. म्हणजे जवळजवळ दुप्पट नत्र. पोटॅश, म्हणजे पालाशचं खत, याबद्दल मी बोललो, पण ते महाग होतं आणि त्या महिन्यात दुकानात नव्हतंही. पुढच्या वर्षी टाकू, असं ठरलं. हे 'पुढच्या वर्षी' मी किती सहज बोलून गेलो, ते आजही आठवतं.

पंधरा दिवसांत बाग हिरवीगार झाली. अशी हिरवी की रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघत. बाऊजींच्या सूनबाईंनी मला ताकाचा पेला दिला आणि म्हणाल्या की झाडं पुन्हा जवान झाली. शेजारच्या चार बागांतून बोलावणं आलं. मी गेलो आणि सगळ्यांना तेच सांगितलं. पानाचा रंग हीच मला पावती वाटत होती.

जुलै आला. फळ मोठं होतं, पण लाली चढेना. इतरांच्या बागा तोडून होत आल्या तरी आमचं फळ हिरवट पिवळं. आठ-दहा दिवसांनी पिकलं, ते एकदम मऊ झालं. तेवढ्यात पाऊस धरला. दाट पाल्यात फळं दिवसदिवस ओली राहायची आणि तपकिरी कूज पसरत गेली. सकाळी तोडलेल्या पेटीच्या तळाशी संध्याकाळी रस झिरपलेला असे. मंडीत आढत्याने पेटी उघडली, एक फळ अंगठ्याने दाबलं आणि काही न बोलता बाजूच्या ढिगाकडे बोट दाखवलं. तो ढीग कारखान्यात लगद्यासाठी जाणाऱ्या मालाचा होता.

तेव्हाही मी पावसाला दोष दिला. जानेवारीतली ती काडी हातात येईपर्यंत मला कळलं नव्हतं की यंदाचं नुकसान हा फक्त पहिला हप्ता होता.

त्या रात्री मी घरी फोन केला. वडिलांना, आण्णांना, सगळं सांगितलं. त्यांनी पीचचं झाड पाहिलेलं नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "काडीत घड धरायच्या टायमाला युरिया सोडतोस व्हय रं तू? आपल्या बागंत कधी सोडला होता?"

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षवेलीवर जी काडी तयार होते तिच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड धरतो. त्या दिवसांत नत्र जास्त झालं, पाला दाटला, काडीला ऊन मिळालं नाही, तर वेल डौलदार दिसते आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळे फुटतात ते वांझ. म्हणून आमच्याकडे त्या काळात नत्र आवरतात, शेंडा मारतात, पालाश देतात, पानदेठ तपासून घेतात. मालकाडी हा शब्दच मी लहानपणापासून ऐकत आलो. पीचचं झाडही मालकाडीवरच फळतं. यंदा वाढलेल्या काडीवर पुढच्या वर्षी फळ, आणि एकदा फळून गेलेली काडी पुन्हा फळ देत नाही. तिचे फुलडोळे उन्हाळ्यात, फळ झाडावर असतानाच किंवा नुकतं उतरल्यावर, धरायला लागतात. नेमक्या त्याच दिवसांत मी युरिया दिला होता. झाडाने ते सगळं शेंड्यांना दिलं, शेंड्यांनी खालच्या काड्यांचं ऊन अडवलं आणि सावलीतल्या काडीवर फुलडोळे धरलेच नाहीत. पुस्तकातलं पीच आणि बांधावरची द्राक्षं माझ्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत राहिली होती.

नंतर वाचताना कॅलिफोर्नियातल्या पार्लियरजवळच्या केअर्नी संशोधन केंद्रावरचा प्रयोग सापडला, 1995 साली प्रसिद्ध झालेला. तो नेक्टरिनवरचा होता, पण नेक्टरिन म्हणजे बिनलवेचं पीचच. एकरी शून्यापासून 325 पौंडांपर्यंत नत्राच्या पायऱ्या करून त्यांनी झाडं वर्षानुवर्षं पाहिली. नत्र वाढवत गेल्यावर एका मर्यादेनंतर उत्पादन वाढलं नाही, तपकिरी कूज आणि शेंडा पोखरणारी अळी मात्र वाढली. आमच्या बागेत झालेलं सगळं त्यात होतं. मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधी ते छापून आलं होतं.

मग मी हिशेब मांडायला बसलो. आधी मांडायला हवा होता तो. पिकलेल्या पीचच्या गराच्या पृथक्करणाचे आकडे घेतले, तर एक टन फळाबरोबर बागेबाहेर जातं ते साधारण दीड किलो नत्र, फक्त पाव किलोच्या आत स्फुरद आणि जवळजवळ दोन किलो पालाश. झाडामागे 50 किलो फळ धरलं, तर नत्र 75 ग्रॅम, स्फुरद 10 ग्रॅम आणि पालाश 95 ग्रॅम. अर्थात झाडाला पानं, मुळं, लाकूड करायला याहून बरंच जास्त लागतं. वाहून जाणारं, हवेत उडणारं नत्र वेगळं. पण पानं गळून बागेतच पडतात, फळ मात्र ट्रकमध्ये बसून दिल्लीला जातं. म्हणजे बागेतून कायमचं सर्वांत जास्त जातं ते पालाश, आणि बाऊजींच्या बागेत वर्षानुवर्षं सर्वांत कमी आलं होतं तेही पालाशच. फळाचं बहुतेक वजन शेवटच्या महिना-दीड महिन्यात भरतं. त्या काळात फळ पालाश ओढतं आणि जमिनीतून मिळालं नाही तर पानांतून काढून घेतं. जुलैत काही झाडांची पानं मधल्या शिरेवर दुमडून होडीसारखी झाली होती, कडा करपल्या होत्या. मी ते उन्हाचं लक्षण समजलो होतो.

बागवान पोटॅश का टाळतो, यावर मी पूर्वी अज्ञान असं एका शब्दात उत्तर देत असे. आता देत नाही. 2010 पासून स्फुरद-पालाशच्या खतांना अन्नद्रव्याच्या हिशेबाने ठरावीक अनुदान मिळतं आणि किंमत बाजारावर जाते. युरियाची किंमत मात्र सरकारच बांधून ठेवतं. स्वस्त गोणी आणि महाग गोणी दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. त्यात युरियाचा परिणाम पंधरा दिवसांत डोळ्यांना दिसतो आणि पोटॅशचा परिणाम दिसतो तो फळ दाबून पाहणाऱ्या आढत्याच्या अंगठ्याला, तोही कित्येक महिन्यांनी. ज्याच्या हातात मार्चमध्ये मोजकेच पैसे आहेत तो कोणती गोणी उचलेल? या माणसाला दोष देण्याआधी सल्ला देणाऱ्याने त्या दुकानात त्याच्याबरोबर उभं राहून पाहावं.

माती आणि पानं तपासायला दिली. पानांचा नमुना घ्यायचा तो यंदाच्या काडीच्या मधल्या भागातली पानं, झाडाच्या चारही बाजूंनी, खांद्याच्या उंचीवरची, मिळून शंभरेक. बाऊजी प्रत्येक पान देठासकट खुडून कागदी पिशवीत ठेवत होते, जणू देवाला वाहायचं आहे. निकालात नत्र चार टक्क्यांना टेकलेलं, जिथे तीनच्या आसपास पुरतं. पालाश दीड टक्क्याच्या खाली. मातीत स्फुरद भरपूर साठलेलं, कारण वर्षानुवर्षं ते पडत होतं आणि फळ ते फारसं नेतच नाही. जस्त कमी होतं. स्फुरद वाढलं की झाडाला जस्त घेणं अवघड जातं, हेही पुन्हा उघडून वाचावं लागलं.

त्या वर्षी आम्ही नत्र टाकलंच नाही. सांगायला सोपं आहे. खत टाकू नका असं सांगणाऱ्या सल्लागाराकडे बागवान ज्या नजरेने पाहतो ती मला सोसावी लागली. बाऊजींचा मुलगा म्हणाला, आधी दुप्पट टाकायला लावलं, आता काहीच नको म्हणतात, यांचं नक्की काय आहे? त्याचं बरोबर होतं. बाऊजींनी त्याला गप्प केलं नाही, मला बोलायला वेळ दिला. मी जानेवारीतली काडी जपून ठेवली होती, ती आणून त्याच्यासमोर धरली.

डिसेंबरमध्ये तौलिये, म्हणजे झाडाभोवतीची आळी, खणून झाडामागे चार टोपल्या शेणखत आणि पोटॅश मिसळलं. स्फुरद निम्म्याहून खाली आणलं. मार्चमध्ये आळ्यांवर वीतभर जाडीचं सुकं गवत पसरलं. या उतारांवर बहुतेक बागा पावसावरच आहेत आणि एप्रिल-मे कोरडे जातात. माती कोरडी असेल तर पोटॅशची गोणी मुळापर्यंत पोचतच नाही. खतावर एवढं बोलणाऱ्या मी ओलाव्यावर पहिल्या वर्षी एक शब्द काढला नव्हता. फळ सुपारीएवढं झाल्यावर विरळणी केली, दोन फळांत वीतभर अंतर. तोडलेली हिरवी फळं जमिनीवर पडलेली पाहून बाऊजींच्या सूनबाई घरात निघून गेल्या. त्यांना ते बघवेना. मलाही पहिल्यांदा बघवलं नव्हतं. पण एका फळाला तीस-चाळीस पानांची कमाई लागते आणि ती नसेल तर कोणतंही खत त्याला मोठं करत नाही. जूनमध्ये सरळ वर गेलेले पाणफुटवे काढले, झाडाच्या पोटात ऊन आलं.

तरी पहिल्या वर्षी माल कमीच आला, कारण काडीच नव्हती. दुसऱ्या वर्षी निम्म्यापर्यंत पोचला. बाग पूर्ववत व्हायला तीन हंगाम लागले. पीचचं झाड फार जगत नाही, पंधरा-वीस वर्षांत उतरणीला लागतं. त्यातली तीन वर्षं म्हणजे किती, हे मी स्वतःला कधी हलकं करून सांगितलेलं नाही.

बाऊजींना जमीन होती, टोमॅटो आणि लसूण होता. पण ज्या चार बागांत मी तोच सल्ला दिला होता, त्यांतली एक एकट्या बाईंची होती. गाव त्यांना चाचीजी म्हणायचं. नवरा गेलेला, मुलगा बद्दीच्या कारखान्यात कंत्राटावर. सव्वीस झाडं, तेवढंच उत्पन्न. दुसऱ्या वर्षी त्यांच्या बागेत फुलंच तुरळक आली तेव्हा मी जाऊन सांगितलं की चूक माझ्या सल्ल्याची आहे. त्या म्हणाल्या, "आपने बुरा थोड़े ही चाहा था।" मग आत जाऊन त्यांनी चहा ठेवला. मला ते वाक्य अजून पेलत नाही. त्यांची छाटणी, विरळणी आणि तौलिये मी सुट्टीच्या दिवसांत स्वतः करत राहिलो, तीनही वर्षं. त्याने गेलेला पैसा परत आला नाही. त्या वर्षी त्यांनी एक गाय विकली, तीही परत आली नाही.

त्या तीन वर्षांत मी खिशात शिंप्याची टेप ठेवायला लागलो. जुलैअखेर झाडाच्या चार बाजूंच्या, खांद्याच्या उंचीवरच्या काड्या मोजायच्या. फळत्या झाडाची नवी काडी दीड-दोन फूट झाली तर नत्र आहे तेवढंच ठेवायचं. फुटाच्या आत राहिली तर थोडं वाढवायचं. तीन फुटांच्या पुढे गेली तर सरळ कापायचं. प्रयोगशाळेचा निकाल वर्षाआड येतो, टेप रोज खिशात असते. आणि एक सवय बदलली. वसंतातलं सगळं नत्र एकदम न देता त्यातला थोडा भाग फळ उतरल्यावर, पान अजून हिरवं असताना, ओल बघून देऊ लागलो. पीचला पानांआधी फुलं येतात. मार्चमध्ये मुळं थंड मातीत अजून आळसावलेली असताना झाड फुलतं ते आदल्या वर्षी लाकडात आणि मुळांत साठवलेल्या शिदोरीवर. ही शिदोरी भरायची वेळ पावसाळा सरतानाची. त्यातही हात आखडता हवा, नाहीतर उशिरा कोवळी फूट येते आणि पहिल्याच कडक थंडीत करपते.

गेल्या जुलैत बाऊजींकडे गेलो तेव्हा ते बागेतच होते. आता त्यांचं शिडीवर चढणं बंद झालंय. हातात एक सुतळी होती आणि तिला दोन गाठी. एक फुटावर, एक दोन फुटांवर. माझी टेप त्यांना दिसत नाही, आकडे बारीक आहेत. ते सुतळी काडीला लावत, गाठ बोटाने चाचपत आणि झाडाला चुन्याचं बोट ओढत पुढे सरकत. एक बोट म्हणजे नेहमीचं, दोन म्हणजे थोडं जास्त.

वरच्या बांधावरच्या दोन झाडांना त्यांनी काहीच ओढलं नव्हतं. मी विचारलं, ही राहिली का?

"राहिली नाहीत," असं ते त्यांच्या भाषेत म्हणाले. त्यांना यंदा काही द्यायचं नाही. मग त्यातल्या एका झाडाखाली वाकून त्यांनी गवत बाजूला सारलं, मूठभर माती काढून दाबली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ओली होती.